मागच्याचं पाणी

"ओढ की दोर!" खलफचा बाप दैफल्लाह पुढून ओरडला. "का तिथंच संसार मांडायचा विचार आहे?"

खलफने दोराचं एक टोक ओढलं. दुसरं टोक वरच्या कडीतून सरसरत सुटलं आणि सगळा दोर धप्पकन पायाशी येऊन पडला. झालं! आता परत वर जाणं नाही. सहा-सात पुरुष उंच कडा, बोट रोवायला फट नाही. आता घळ जिथं संपते तिथूनच बाहेर पडायचं.

ऑगस्टमध्ये या घळीत शहाणा माणूस पाऊल टाकत नाही. पण आज बरोबर वर्ष झालं होतं आणि म्हातारा हटून बसला होता. "माझा सुवैलिम ज्या उन्हात गेला, त्या उन्हात मला एकदा उतरू दे." कोण समजावणार त्याला? साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण हट्ट तरण्याताठ्याचा.

गेल्या वर्षी दोघे भाऊ कड्यांवर दोर अडकवायचे जुने पट्टे बदलायला निघाले होते. हंगामात सहलीचे पाहुणे उतरवायचे तर पट्टे पक्के हवेत. ठरलं असं, की थोरल्या सुवैलिमने वरून उतरायला लागायचं. खलफने गाडी खाली घळीच्या तोंडाशी लावायची, पायवाटेने वर चढून यायचं आणि आपला दोर घेऊन मागून उतरायचं. खलफने गाडी लावली. समोर दोन तासांची चढण, डोक्यावर नुसती आग. म्हणाला, जरा बसू. बसला तो बसलाच. सुवैलिमला काय, घळ पाठ आहे, येईल शीळ घालत! गाडीत पाण्याचे दोन भरलेले कॅन होते. अंधार पडला तेव्हा कुठे तो माणसं बोलवायला पळाला. सुवैलिम शेवटच्या कड्याखाली सापडला, गाडीपासून तीनशे पावलांवर. तहानेनं गेला.

"तोच म्हणाला, वर येऊ नकोस, गाडीत थांब," असं खलफने घरी सांगितलं. सगळ्यांनी मानलं. आई तेवढी अधूनमधून विचारायची, "दोन बाटल्या नेल्या होत्या रे त्यानं. दोन्हींना मीच लोकर शिवली होती. एकच कशी परत आली?" पडली असेल कुठल्यातरी फटीत, असं लोक म्हणायचे. खलफ उठून शेळ्यांकडे जायचा.

कारण त्याला ठाऊक होतं. शेवटच्या कड्याच्या आधी उजव्या हाताला एक कोनाडा आहे, तिथं ऊन पोचत नाही. मागून कुणी येणार असेल, तर पुढच्याने आपलं अर्धं पाणी त्यात ठेवायचं, हा इथला आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. एकटा असेल तर मात्र ठेवायचं नाही. एकट्याला स्वतःचंच पुरत नाही. वर्षभर घळीत कुणी उतरलं नव्हतं. एकट्याने जाऊन बघायची खलफची छाती झाली नव्हती. प्याला असेल, तो मनाशी घोकायचा. दोन्ही प्याला असेल. देवा, प्यालेला असू दे.

तिसऱ्या कड्याला दोर अडकला. तो सोडवण्यात तास गेला आणि होतं नव्हतं तेवढं पाणीही गेलं. भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. थुंकीसुद्धा आटली होती.

आणि मागून आवाज यायला लागला. कमरेच्या कड्या एकमेकींवर आपटतात ना, तसा. खिण्, खिण्. खलफ थांबला की तोही थांबे. दोघांत शेवटचा खलफच होता. तरी तो दर चार पावलांना मान वळवायचा.

"सारखं मागे काय बघतोस?" दैफल्लाह म्हणाला. "आपल्या मागे आहे कोण?"

"कुणी नाही, बाबा."

चौथा कडा आला, शेवटून दुसरा. याच्या पायथ्यापासून कोनाडा वीस पावलांवर. खलफ पुढे सरसावला. "बाबा, आता मी होतो पुढे. तुम्ही दमलात."

"आणि मागे राहून दोर कोण ओढणार? माझे गुडघे?" म्हाताऱ्याने पट्ट्याला एक हिसका दिला, दोर कमरेला अडकवला आणि उतरला.

खलफ घाईघाईने मागून उतरला. तळहात सोलवटले. त्याने दोर ओढला. मागची खिण्खिण् आता थांबली होती. ते जास्त वाईट वाटलं.

वळणाच्या पुढे दैफल्लाह कोनाड्यासमोर उभा होता. त्याच्या हातात बाटली होती. तपकिरी लोकर, कडेला आईचा निळा टाका.

म्हाताऱ्याने ती हलवली. आतलं पाणी डुचमळलं.

"भरलेली आहे," तो म्हणाला. मग त्याने खाली पाहिलं. खालच्या वळणापलीकडे उजेड दिसत होता. घळीचं तोंड तिथंच होतं.

"बाबा, मी..." खलफ म्हणाला.

दैफल्लाहचे ओठ फाटून रक्ताळले होते. त्याने टोपण उघडलं. स्वतः थेंबभरही घेतलं नाही. बाटली धाकट्यापुढे धरली.

"घे, पी. तुझ्याच वाट्याचं आहे."