नैरोबी की किगाली

"नैरोबीत टोमॅटो महाग आहेत," प्रणय म्हणाला. "पण इंटरनेट फास्ट आहे."

शनिवारची सकाळ होती. इंग्लंडातल्या हाउन्सलोच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर दोन शहरं लग्नाच्या स्थळांसारखी शेजारीशेजारी मांडली होती. डावीकडे नैरोबी, उजवीकडे किगाली. भाडं, दूध, बसचं तिकीट, डॉक्टर, हवा, सुरक्षितता. कंपनीला दोन्हीकडे माणूस हवा होता आणि कुठे जाणार ते प्रणयने सोमवारी कळवायचं होतं.

खरा प्रश्न लॅपटॉपच्या पलीकडे कोथिंबीर निवडत बसला होता. प्रणयच्या आई, गयाबाई, इंग्लंडात पाहुण्या होत्या. व्हिसा संपला की परत नागपूर, बंद घर आणि फोनमध्ये दिसणारे मुलगा-सून. आफ्रिकेत मात्र आईलाही कायमचं सोबत न्यायला कंपनी तयार होती. फक्त गयाबाई अजून हो म्हणत नव्हत्या. नाहीही म्हणत नव्हत्या. नुसते प्रश्न विचारत होत्या.

"गॅस राहते का तिथं? ज्योतवाला?"

इथल्या काचेच्या सपाट शेगडीवर त्यांची भाकरी एकदाही फुगली नव्हती. हे दुःख त्या कोणालाही सांगत, पोस्टमनलासुद्धा.

"दोन्हीकडे सिलिंडर मिळतो, आई," रचना म्हणाली. सुनेने ते आधीच शोधून ठेवलं होतं.

"अन् भाजीच्या दुकानात बाया बोलतात का एकमेकींशी?"

"त्याचा डेटा नाहीये," प्रणय म्हणाला. "म्हणून तर..."

डोक्यावरून विमान गेलं. विमानतळाजवळच्या हाउन्सलोत विमान आलं की माणूस अर्धं वाक्य तोंडात धरून बसतो.

"...म्हणून तर कॉल करतोय. तिथे राहणाऱ्यांनाच विचारू."

पहिला फोन नैरोबीला, दीनानाथ नावाच्या गृहस्थांना. ते प्रणयच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचे. माणूस मोठा प्रेमळ. घर कुठे घ्यावं, पाण्याची टाकी केवढी हवी, कामवाली कशी शोधावी, सगळं न विचारता सांगितलं. "आपली माणसं खूप आहेत हो इकडे. देवळं आहेत, गणपती बसतो, फराळ घरपोच येतो. आईंना एक दिवस कंटाळा यायचा नाही. आणि आलात की आमच्याकडेच उतरा. हॉटेलबिटेल काही नाही!"

प्रणयने रचनाला अंगठा दाखवला. 'भारतीय वस्ती' हा रकाना नैरोबीने सहज जिंकला होता.

"बरं, पूर्ण नाव काय म्हणालात तुमचं?" दीनानाथांनी विचारलं.

प्रणयने स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि थांबला. विमान आलं नव्हतं, तरी थांबला.

"आणि आडनाव?"

त्याने आडनाव सांगितलं.

"अच्छा. नागपूरचे का? अच्छा, अच्छा."

दीनानाथ प्रेमळच राहिले. फोन ठेवताना फक्त एका चांगल्या हॉटेलचं नाव सांगितलं.

"घरी पाहुणे असतील त्यांच्याकडे," रचना म्हणाली.

"असतील," गयाबाई म्हणाल्या. वेम्बलीतल्या भारतीय घरमालकीणबाईंची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. प्रणय-रचना खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी आधी चहा दिला, मग आडनाव विचारलं, मग खोली कालच दिल्याचं त्यांना आठवलं.

दुसरा फोन किगालीला. तिथे ओळखीचं कोणीच नव्हतं, म्हणून घर दाखवणाऱ्या एजंटलाच केला. क्लोदीन तिचं नाव. फोन हातात धरून ती रिकाम्या घरातून फिरत होती. खिडकी दाखवली, खिडकीतली टेकडी दाखवली. आईंना काय म्हणू, गुडघे दुखतात का, जिना चालेल का, असं विचारत ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने गॅस पेटवला.

निळी ज्योत बघून गयाबाई खुर्चीतून उठल्याच.

"पण इथे आपली माणसं अगदी कमी आहेत, आई," प्रणय हळूच म्हणाला. "संडेच्या बुद्धवंदनेला आपण तिघंच असू."

"तिघं पुरतात. तिले एक विचार. नवीन माणूस आला का विचारतात का तिथं, कोण्या लोकांतला म्हणून?"

"आई, हे कसं विचारणार? तिला काय कळणार त्यातलं?"

"विचार त खरी."

शेवटी रचनाने विचारलं. इंग्रजीत, बरीच सॉरी घालून. आमच्याकडे आडनावावरून ओळखतात, माणूस कुठल्या लोकांपैकी ते. तसं तुमच्याकडे विचारतात का, असं आमच्या आई विचारताहेत.

स्क्रीनवरचं घर हलायचं थांबलं. ज्योत तशीच जळत होती. कोण कुठल्या जमातीचा, एवढ्या एका प्रश्नावरून तीसेक वर्षांपूर्वी त्या देशात शेजाऱ्यांनी शेजारी मारले होते, हे प्रणयला आता आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कॉल म्यूट करायला हात पुढे केला.

तेवढ्यात क्लोदीनने गॅस बंद केला आणि फोन स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला.

"पूर्वी विचारायचे," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हा. आता नाही विचारत. आईंना सांगा, आता कोणी विचारत नाही."

रचनाने ते मराठीत सांगितलं.

विमान आलं. तिघंही थांबली. पलीकडे क्लोदीनला काही कळेना, तरी तीही थांबली.

आवाज सरला. गयाबाईंनी कोथिंबीर बाजूला सारली, खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली आणि बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता विचार तिले, भाडं किती."