मास्तरांचा निरोपसमारंभ

गुणाबाईनं हंबरडा फोडला आणि समारंभाला एकदम रंग चढला. वास्तविक तिचं एकही पोर शाळेत नव्हतं. पण गावातली लेक सासरी निघाली की पहिलं रडू तिचं, हा तिचा मानच होता. तिनं सुरुवात केल्यावर बाकीच्या बायकांना गप्प बसणं बरं दिसेना.

दत्तोपंत मास्तर गळ्यात हार घालून खुर्चीवर बसले होते. त्यांची खानापूरला बदली झाली होती. बायकोचं माहेर तिथलंच. साहेबांपुढं तोंड उघडायची हिंमत नसल्यामुळं या बदलीसाठी ते चार वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. निपाणीकडच्या या खेड्यात तंबाखूच्या वासानं मास्तरांचं डोकं उठे, आणि मास्तरांपायी गावाचं. हंगामात पोरं रानात कामाला लावली की मास्तर छडी घेऊन बांधावर हजर! शाळा कमिटीच्या मारुतीरावांनी तर त्यांच्या बदलीसाठी जोतिबाला नारळ बोलला होता. आता शाळेमागं बैलगाडी उभी होती आणि मास्तरांची बायको सरोजिनीबाई ट्रंकेवर बसून सुटकेची वाट बघत होत्या.

पण निरोप म्हणजे निरोप. त्यातून शिक्षणखात्याचे बेळगावचे डेप्युटीसाहेब समोर बसलेले. मारुतीराव उठले आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे टिपत म्हणाले,

"गुर्जी, तुमी गेल्यावर शाळंत ऱ्हातंय काय? निस्त्या भिंती! पोरं पोरकी झाली वो आमची. जाऊ नगासा!"

आता मास्तरांनाही काहीतरी बोलणं भाग होतं. डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा त्यांनी चार वर्षांत सोसलेलं सगळं एकेक करून आठवलं. मग धार लागली.

"मारुतीराव, पाय निघत नाही हो! माझं चाललं असतं तर जन्मभर इथंच राहिलो असतो."

पुन्हा गुणाबाई, पुन्हा सगळ्या बायका. खोटं इतकं गोड होतं, की बोलणाऱ्यांनाही बरं वाटू लागलं.

डेप्युटीसाहेब मनाचे हळवे. त्यांना स्वतःला कुणी 'जाऊ नका' म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तपासणी संपली की लोक त्यांची गाडी आधीच जुंपून ठेवत. ते चष्मा पुसत उभे राहिले.

"आम्ही आकडे बघून मास्तर हलवतो. पण शाळा मायेवर चालते, हे आज या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या अधिकारात ही बदली मी रद्द करतो. दत्तोपंत, पेन्शनीत निघेपर्यंत तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही!"

गुणाबाईसुद्धा थांबली. दत्तोपंतांनी मारुतीरावांकडं पाहिलं, मारुतीरावांनी दत्तोपंतांकडं. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले. अगदी खरंखुरं.

"बघा, बघा," डेप्युटीसाहेब पुन्हा चष्मा पुसत म्हणाले, "आनंद पोटात मावत नाही बिचाऱ्यांच्या!"