खुर्ची नसलेला तास

हॉलमध्ये बारा मॅनेजर गुबगुबीत खुर्च्यांवर डोक्याला तारांचे टोप घालून बसले होते. कामगार कायदा आता पुस्तकातून शिकवत नसत. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या आठवणीतला एक तास साहेबांच्या अंगात उतरवत. आजचा तास द्वारकाबाईंचा होता: पॅकिंग लाइन, पोटुशीपणाचा सातवा महिना, स्टूल मागितलं म्हणून हातात पडलेला मेमो.

"वेदना तीस टक्क्यांवर आणू या, बाई." एचआरच्या केळुसकरांनी फॉर्म पुढे केला. "मागच्या वेळी दोन साहेबांना भोवळ आली. सही करा. पुढच्या महिन्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, तेही बघा."

"मला कुणी टक्के विचारले होते?"

"हट्ट नको, बाई."

"माझ्या सहीशिवाय माझी आठवण कमी करता येत नाही. मंगळवारच्या कामगारांच्या वर्गात आम्हाला तुम्हीच शिकवलंत ना?"

द्वारकाबाईंनी कोरा फॉर्म केळुसकरांच्या हातात ठेवला आणि त्या सरळ पहिल्या रांगेकडे गेल्या. तो मेमो देणारे दाभोळेसाहेब तिथं पाय पसरून, रेलून बसले होते.

"उठा, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या तासात खुर्ची नव्हती."