सळईवरच्या कड्या

पडद्याच्या कड्या भिंतीपासून वीतभर सरकल्या होत्या. खिडकी बंद होती. पंखाही बंद होता. काल संध्याकाळी निघताना शिपाईणीने स्वतःच्या हाताने त्या भिंतीला टेकवल्या होत्या.

झडतीच्या खोलीत दाराच्या आत लावलेल्या त्या सळईवर पडदा नव्हताच. ऐन उन्हाळ्यात तो धुवायला म्हणून गेला आणि साहेबांच्या खिडकीला लागला. साहेबांना ऊन सोसत नाही. तेव्हापासून लष्कराने पकडून आणलेल्या बायकांची झडती उघड्यावरच चालली होती. दाराची चौकट रिकामी, समोर बाकावर पहारेकरी. शिपाईण दाराकडे पाठ करून, कोपरं फाकवून उभी राहायची. एका पाठीने झाकणार तरी किती? साहेबांशी आज बोलू, उद्या बोलू करता करता पावसाळा आला. बोलावं तर नोकरीवर गदा, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

तिला छळत होतं ते निराळंच. आत आलेली प्रत्येक बाई कपड्यांना हात लावण्याआधी हवेत हात लांबवायची आणि नसलेला पडदा ओढायची. वर कड्या किणकिणायच्या.

"ताई, घरात आपण दोघीच," परवा धाकटी बहीण म्हणाली होती. "मग कपडे बदलताना दिवा कशाला मालवतेस?"

आज एका म्हातारीला आणलं.

"आजीबाई, लाजताय होय?" बाकावरून आवाज आला. "आता काय राहिलंय बघण्यासारखं?" दुसरा खिदळला.

म्हातारीने तिकडे पाहिलंही नाही. तिने हात लांबवला आणि सावकाश हवा ओढली. सगळ्या कड्या सळईवरून सरसरत गेल्या आणि पलीकडच्या टोकाला थांबल्या.

बाकावरचं हसू विरलं.

म्हातारीने शिपाईणीकडे पाहिलं. पडद्याआडून डोकावल्यासारखी मान जराशी वाकवून.

"पोरी, तू बाहेर का उभी? आत ये. ते तुलाही बघतायत."

शिपाईणीचा हात गळ्याशी गेला. वरचं बटण लावलेलंच होतं.

"काय खोळंबलंय इथे?" साहेब चौकटीत येऊन उभे राहिले.

ती वळली. पाठीमागे कड्या हलल्या नाहीत.

"साहेब, तुमच्या खिडकीचा पडदा काढून द्या. तो इथे लागेपर्यंत मी कुणाचीही झडती घेणार नाही."