भैय्याजींचा पिवळा

"ही बकेट निळी आहे?"

भैय्याजी बाथरूममधून एवढ्या जोरात ओरडले की सिंधूताईंच्या हातातली पोळी तव्याबाहेर पडली.

"अवो, आणली तेव्हापासून निळीच आहे ती! अन् डोळ्यात पाणी नका जाऊ देऊ."

उजव्या डोळ्याची पट्टी कालच निघाली होती. डावा पुढच्या महिन्यात. मोतीबिंदू पार पिकेपर्यंत ऑपरेशन टाळलं, डॉक्टरची बोलणी खाल्ली, आणि आता सकाळपासून म्हातारा घरभर बोट दाखवत फिरत होता. पडदा केवढा हिरवा! तोटी कशी चकचकीत! "तू कधी म्हातारी झाली वं?" असं त्यांनी सिंधूताईंना विचारलं, त्यावर जे उत्तर मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अशा आनंदाच्या घरात प्रणाली आली, चित्रकार भैय्याजींना गुरू मानणारी. खापरखेड्याहून, बसमध्ये चादरीत गुंडाळलेलं चित्र मांडीवर सांभाळत. येत्या रविवारी तिचं पहिलं प्रदर्शन होतं. दिवा भैय्याजी लावणार होते आणि दोन शब्द बोलणार होते. त्या दोन शब्दांसाठी पोरीनं काय काय सोसलं होतं! आलेली स्थळं परतवली, नोकरी धरली नाही, पॉवर हाऊसमधून दमून आलेल्या बापाची कटकट रोज ऐकली. भैय्याजींनी तिला समोर बसवून शिकवलं असंही नाही. तीच त्यांच्या चित्रांपुढं बसायची आणि बघून बघून काढायची. झाडांच्या विरघळलेल्या कडा, चेहऱ्यांवरचं धुकं, आणि सगळ्यावरून फिरवलेला तो पिवळा. कुठल्याशा पेपरनं एकदा छापलं की हा विदर्भाच्या उन्हाचा रंग आहे, झालं, अख्खं नागपूर तेच म्हणायला लागलं. भैय्याजींची चित्रं हॉटेलांत लागली, बंगल्यांत लागली. वेगळं बोलायची कोणाची छाती होती? आणि प्रणालीचा हात तर त्या पिवळ्यावर असा बसला होता की जाणकारही फसायचे.

तिनं चादर सोडली, चित्र खुर्चीवर उभं केलं आणि बाजूला झाली.

भैय्याजी वाकले. जवळ गेले, मागं आले.

"चहा सांडला का याच्यावर?"

प्रणाली हसली. सर गंमत करत आहेत असंच तिला वाटलं. "फुटाळा तलाव आहे, सर. सकाळचा."

"फुटाळा? मंग त्याच्यात हळद कोणं कालवली? अन् ही माणसं काहून अशी, कावीळ झाल्यासारखी? रंगाची काही समज आहे का नाही तुले?"

इतक्या वर्षांत सर कधी असं बोलले नव्हते.

"हा तुमचाच पिवळा आहे, सर," ती म्हणाली. "तुमच्यासारखाच काढला. जसाच्या तसा."

"माझा?"

गॅस बंद करून सिंधूताई बाहेर आल्या. कामाच्या खोलीला ऑपरेशनच्या दिवसापासून कुलूप होतं. टर्पेंटाइनचा वास डोळ्याला सोसायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. भैय्याजींनी हात पुढं केला.

"किल्ली दे."

"अवो, पण डॉक्टरनं..."

"किल्ली दे म्हणतो ना!"

आतून कॅनव्हास ओढल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. मग एकदम काहीच येईना, तेव्हा दोघी दाराशी गेल्या.

भैय्याजी फरशीवर बसले होते. ज्या चित्राला दिल्लीत पारितोषिक मिळालं होतं ते समोर होतं. उजवा डोळा तळव्यानं झाकून ते बघत, मग डावा झाकून बघत. पुन्हा उजवा. पुन्हा डावा.

"या जुन्या डोळ्यानं अजूनही बरोबर दिसते," ते म्हणाले. "अन् या नव्यानं पाहिलं की शी! हे आभाळ मी निळं काढलं होतं, सिंधू. या बाईचं लुगडं जांभळं होतं. जांभळं! मले चांगलं आठवते."

"पण लोकायले तर आवडलं ना," सिंधूताई हळूच म्हणाल्या.

"लोकायची ऐशी की तैशी!"

त्यांनी चित्र उलटं करून भिंतीला टेकवलं. उठताना सिंधूताईंनी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

"रविवारी मी येत नाही."

"सर, असं नका करू," प्रणाली म्हणाली. "कार्डावर तुमचं नाव छापलं आहे. माझे बाबा पहिल्यांदा येऊन राहिले पाहायले."

"भिंतभर माझा मोतीबिंदू लावला तू! अन् त्याच्यापुढं मी दिवा लावू?"

ती बाहेरच्या खोलीत येऊन चादरीची घडी घालायला लागली. घडी काही जमेना. दरवेळी चहा विचारणाऱ्या सिंधूताईंनी आज तेही विचारलं नाही.

भैय्याजी मागोमाग आले आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले. नवा डोळा लाल झाला होता, पाण्यानं भरला होता. औषधाची वेळ टळून गेली होती.

"माझं जाऊ दे, माझ्या डोळ्यावर तर पडदाच होता. तुझे तर दोन्ही चांगले होते ना वं? फुटाळ्याच्या काठावर बसून तुले निळं पाणी दिसत नव्हतं?"

दिसत होतं. अगदी सुरुवातीला तिनं ते एकदा निळं काढलंही होतं, आणि स्वतःचीच लाज वाटून त्याच संध्याकाळी वरून पिवळा फिरवला होता.

"दिसत होतं, सर."

"मंग?"

"मले वाटलं, तुम्हाले माझ्यापेक्षा जास्त दिसते."