हिरवं मैदान

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवान प्रांताच्या फुटबॉल संघाचा सामना असला की ओरेस्ट कलिंगड पोखरून हेल्मेटसारखं डोक्यावर चढवतो. परवा सामना शेजारच्या प्रांतातल्या कॅल्गरी शहरात होता. गावच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर तो आणि त्याची बायको व्हर्ना, दोघंच.

कॅल्गरीचा रंग लाल, पण त्यांच्या मैदानातले निम्मे प्रेक्षक आमच्या हिरव्या रंगात.

"आणि म्हणे गाव ओस पडलं," ओरेस्ट म्हणाला. "हा बघ कोवालचुकांचा टेड. त्या शाळेतल्या बाईंच्या दोघी मुली. अख्खं गाव तिथं बसलंय."

"पोटापाण्यासाठी गेलेत रे सगळे."

"गेले, पण रंग सोडला का कुणी? तो बघ, आपला डॅरिल."

त्यांच्या मुलाच्या, डॅरिलच्या डोक्यावरही कलिंगड होतं. कडेवर त्याची चार वर्षांची लेक होती, लाल शर्टात.

ओरेस्ट टीव्हीजवळ सरकला. मग म्हणाला, "पोरीला लाल कुणी घातलं?"

"कुणी कशाला घालायला हवं? तिनंच मागितलं असेल. तिच्या गावाचा संघ आहे तो."

सामना आम्ही जिंकत होतो. ओरेस्टनं डोक्यावरचं कलिंगड उतरवून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. खुर्च्या पुष्कळ रिकाम्या होत्या.