इथं थांबा नाही

"गडहिंग्लज ते गोकर्ण, आणि मध्ये नऊ थांबे? अगं, मोटारसायकल चालवणार आहेस का एसटी?" बायकोनं वहीत लिहिलेला बेत वाचता वाचता मल्लाप्पाच्या जिभेला धार चढली.

तीन महिन्यांपूर्वी तिला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे कळत नव्हतं. आता ती त्याचीच मोटारसायकल घेऊन पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाली होती, तीही एकटी. वाटेतल्या आंबोली घाटात बावीस वर्षं एसटी चालवली ती त्यानं. आणि आता मणक्याच्या दुखण्यानं तो घरी बसलेला, नि मजा मारायची हिनं? त्याचा नुसता जळफळाट होत होता.

"हे काय? आंबोलीचा धबधबा, अर्धा तास. तिथं काय ठेवलंय?"

"आपलं नवीन लग्न झालेलं. मी तुमच्याच गाडीत बसलेले," हेल्मेटची काच पुसत ती म्हणाली. "म्हटलं, अहो, दोन मिनिटं थांबवा की, पाणी बघू. तुम्ही मान न वळवता म्हणालात, इथं थांबा नाही."

मल्लाप्पानं वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"जाऊ दे. तुम्हाला रस्ता पाठ आहे म्हणून विचारते, अर्धा तास पुरेल ना तिथं?"

धबधब्याच्या त्या वळणावर गाडीतल्या सगळ्या माना खिडक्यांकडे वळायच्या, ते त्यानं आरशात कितीदा तरी पाहिलं होतं.

"मला काय ठाऊक?" वही मिटत तो म्हणाला. "मी तरी कुठं थांबलोय कधी."